पाइपलाइन फुटली की पेट्रोल कुठं, कधी आणि किती महागणार हे कसं ओळखायचं

पाइपलाइनला गळती, पाइपलाइनला आग, पाइपलाइन बंद, अशी काहीही बातमी आली की माझ्या फोनवर तासाभरात तेच तीन प्रश्न येतात. गाडीची टाकी आत्ताच फुल करून ठेवू का, माझ्या पंपाला उद्याचा टँकर येणार का, आणि तिसरा जरा हळू आवाजात, की पेट्रोलचे फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचे आजच भाव ठरवून केलेले सौदे, घेऊन ठेवावेत का. मी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात रॅली शहराजवळ एका जॉबरकडे डिस्पॅचला आहे, जॉबर म्हणजे टर्मिनलवरून, म्हणजे पाइपलाइनचा माल साठवायच्या डेपोवरून, घाऊक माल उचलून पंपांना पोचवणारा मधला व्यापारी, आणि इथली कलोनियल पाइपलाइन २०१६ मध्ये दोनदा आणि २०२१ मध्ये एकदा बंद पडली, ते दिवस मी याच खुर्चीत बसून काढलेत. प्रत्येक वेळी लोकांनी चुकीचा आकडा बघून घाई केली आणि पैसे घालवले, म्हणून एकदाचं सगळं नीट लिहून ठेवते.

उदाहरण म्हणून मी कलोनियल पाइपलाइनच धरणार आहे, कारण अमेरिकेत तयार पेट्रोल-डिझेल नेणारी सगळ्यात मोठी लाइन तीच. टेक्सासमधल्या ह्यूस्टनहून निघते आणि लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, कॅरोलायना, व्हर्जिनिया असं करत न्यू जर्सीत लिंडेनला पोचते. एकूण लांबी सुमारे ८,८५० किलोमीटर, दिवसाला २५ लाख बॅरलपर्यंत माल, आणि पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या इंधनातला साधारण ४५ टक्के वाटा एकट्या हिचा. एक बॅरल म्हणजे ४२ गॅलन, १५९ लिटर. तिच्यात मुख्य दोन नळ आहेत. लाइन १ मधून पेट्रोल जातं, लाइन २ मधून डिझेल आणि विमानाचं इंधन, दोन्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोपर्यंत येतात आणि तिथून पुढं लाइन ३ न्यूयॉर्ककडे जाते.

तर बातमी आली की पहिल्यांदा हे बघा, कुठली लाइन बंद आहे. लाइन २ बंद असेल तर पेट्रोलच्या पंपावर पळायचं कारणच नाही, ट्रकवाल्यांनी आणि विमान कंपन्यांनी काळजी करायची. लाइन ३ ला काही झालं असेल तर व्हर्जिनिया आणि त्याच्या वरच्यांनी लक्ष द्यायचं, जॉर्जियात माल येतच राहणार. बातम्यांमध्ये सगळ्याला सरसकट "पाइपलाइन बंद" म्हणतात आणि लोक अलाबामापासून न्यूयॉर्कपर्यंत एकदम घाबरतात. कंपनीच्या निवेदनात दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत लाइनचा नंबर लिहिलेला असतो, तो शोधा.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. किती पेट्रोल सांडलं हा आकडा भावासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. ऐकायला विचित्र वाटेल, पण दोन अपघात शेजारी ठेवून बघा. ९ सप्टेंबर २०१६ ला अलाबामात शेल्बी काउंटीत हेलेना गावाजवळ एका जुन्या खाणीच्या जागेत तपासणीला गेलेल्या माणसाला पेट्रोलचा वास आला, आणि लाइन १ गळतीये हे कळलं. गळती सुमारे ८,००० बॅरलची निघाली. लाइन २१ सप्टेंबरपर्यंत बंद, म्हणजे बारा दिवस, शेवटी फुटलेला भाग बाजूला ठेवून तात्पुरता बायपास टाकून माल सुरू केला. त्या दिवसांत जॉर्जिया, टेनेसी आणि कॅरोलायनात पंप कोरडे पडले आणि जॉर्जियात आठवड्याभरात गॅलनमागं २० ते ३० सेंट चढले. आता दुसरा अपघात. ऑगस्ट २०२० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातच हंटर्सव्हिलला जंगलात गाडी चालवणाऱ्या दोन मुलांना जमिनीतून पेट्रोल वर येताना दिसलं. तिथं पुढं अंदाज वाढत वाढत २० लाख गॅलनच्या आसपास गेला, म्हणजे २०१६ च्या कितीतरी पट, अमेरिकेतल्या जमिनीवरच्या पेट्रोल गळतींमधली सगळ्यात मोठ्यांपैकी एक. आणि पंपावर? जवळजवळ काहीच जाणवलं नाही. कारण लाइन पाचेक दिवसांत परत सुरू झाली, आणि कोविडमुळं लोक घरात असल्यानं टाक्या भरलेल्या होत्या.

त्या गावातल्या लोकांच्या विहिरींचं, जमिनीचं जे झालं ते फार वाईट आहे आणि त्याची साफसफाई वर्षानुवर्षं चालते, ते मी हलक्यात घेत नाहीये. पण भावाचा हिशोब करताना दोनच प्रश्न विचारायचे, लाइन किती दिवस बंद राहणार आणि खालच्या टर्मिनलांच्या टाक्यांत किती दिवसांचा माल आहे. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा झाला की भाव हलतो. लहान असेल तर सगळा आरडाओरडा चार दिवसांत विरतो.

आता किती दिवस बंद राहणार हे कसं ओळखायचं, ते जरा सविस्तर सांगते, कारण इथंच लोक फसतात.

बंद होण्याचं कारण बघा. पंपिंग स्टेशनची वीज गेली किंवा एखादा व्हॉल्व्ह बिघडला तर तास-दोन तासांपासून दिवसभर. नळाला साधी गळती असेल तर आधी खणावं लागतं, मग क्लॅम्प किंवा तुकडा बदलणं, त्याला चार-पाच दिवस धरा. पण जमिनीत पेट्रोलची वाफ साठलेली असेल तर कामगारांना खड्ड्यात उतरवताच येत नाही, वाफ मोजत बसावं लागतं, वाऱ्याची वाट बघावी लागते. २०१६ मध्ये बारा दिवस लागण्यामागं हे एक मोठं कारण होतं. म्हणून निवेदनात वाफेमुळं काम थांबलं असं वाक्य दिसलं की कंपनी देते त्या तारखेत मनातल्या मनात तीन-चार दिवस मिळवा.

आग लागली असेल तर वेगळाच मामला. ३१ ऑक्टोबर २०१६ ला त्याच शेल्बी काउंटीत, पहिल्या गळतीच्या जागेपासून थोड्याच अंतरावर, दुरुस्तीचं काम चालू असताना खोदायच्या मशीनचा धक्का लाइन १ ला लागला आणि स्फोट झाला. एक कामगार जागीच गेला, जखमींपैकी एक नंतर हॉस्पिटलात वारला. आमच्या ऑफिसात त्या संध्याकाळी टीव्हीवर तो काळा धूर दिसत होता आणि एकीकडं फोन वाजत होते, भाव काय भाव काय, मला त्या दिवशी फोन उचलायचीच इच्छा होत नव्हती. लाइन ६ नोव्हेंबरला परत सुरू झाली.

आणि एक तपशील लक्षात ठेवा, परत सुरू म्हणजे पूर्ण ताकदीनं सुरू असं नसतं. अमेरिकेत पाइपलाइनच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था आहे, फिम्सा म्हणतात तिला, ती अपघातानंतर बऱ्याचदा दुरुस्तीचा आदेश काढते आणि त्यात दाब कमी ठेवायची अट असते, फुटण्याआधी होता त्याच्या ८० टक्के वगैरे. दाब कमी म्हणजे माल कमी. तो आदेश कोणीही वाचू शकतं, भाषा रुक्ष असली तरी पाच मिनिटांत कळतं.

पाइपलाइनच्या आत काय चालतं हेही थोडं माहीत पाहिजे. पेट्रोल त्यात माणूस भरभर चालतो त्या वेगानं जातं, ताशी पाच ते आठ किलोमीटर. ह्यूस्टनहून न्यूयॉर्कला पोचायला साधारण अठरा दिवस लागतात. एका कंपनीचा माल, मग दुसऱ्या कंपनीचा, रेग्युलर, मग प्रीमियम, असे बॅच एकामागून एक, मध्ये पडदा-बिडदा काही नाही, दोन बॅच जिथं मिसळतात तो भाग ट्रान्समिक्स म्हणून वेगळा काढतात. आता लाइन बंद पडली तर नळ रिकामा होत नाही, माल आहे तिथंच थांबतो. म्हणून "सुरू झाली तरी ह्यूस्टनहून यायला अठरा दिवस लागणार" असं जे कोणी सांगतं ते चुकीचं आहे, सुरू झाल्याबरोबर तुमच्या टर्मिनलच्या दारात उभा असलेला बॅच आत येतो. पण तो बॅच तुम्हाला माल देणाऱ्या कंपनीचा असेलच असं नाही, रेग्युलर हवं असताना समोर प्रीमियम उभं असू शकतं. आणि मधल्या दिवसांत जो माल आलाच नाही तो गेला तो गेलाच. लाइन १ दिवसाला साधारण १३ लाख बॅरल नेते, पाच दिवस बंद म्हणजे ६५ लाख बॅरलचा खड्डा, आणि लाइन आधीच भरून चालत असेल तर जास्तीचा माल ढकलून तो खड्डा भरता येत नाही, जहाजानं आणावा लागतो. म्हणून लाइन सुरू झाल्याची बातमी येऊनसुद्धा आठवडाभर इकडंतिकडं पंपांवर, माल नाही म्हणून, पिशव्या बांधलेले नळ दिसतात.

नकाशा घेऊन बसा हेही सांगते. जॉर्जिया आणि दोन्ही कॅरोलायनात पेट्रोल बनवणारी रिफायनरीच नाही. आमच्याकडं येणारं जवळजवळ सगळं पेट्रोल दोनच नळांतून येतं, एक कलोनियल आणि दुसरी प्लँटेशन पाइपलाइन, जी लुइझियानाहून वॉशिंग्टनपर्यंत जाते आणि दिवसाला सात लाख बॅरलपर्यंत नेऊ शकते. पहिली बंद पडली की सगळे दुसरीकडं धावतात आणि ती आधीच भरलेली असते. अटलांटा, शार्लट, रॅली, नॅशव्हिल ही शहरं समुद्रापासून आत आहेत, तिथं जहाज येत नाही. उलट न्यूयॉर्क, न्यू जर्सीला बंदर आहे, युरोपातून माल येऊ शकतो, आसपास रिफायनऱ्या आहेत, जरी २०१९ मध्ये आग लागल्यावर फिलाडेल्फियाची मोठी रिफायनरी कायमची बंद झाली आणि तो आधार कमी झाला. फ्लोरिडात बहुतेक पेट्रोल टॅम्पा आणि पोर्ट एव्हरग्लेड्सला जहाजानं उतरतं, तरी २०२१ मध्ये तिथंही लोक रांगा लावून उभे होते. टॅम्पात राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला मी फोनवर दहा वेळा सांगितलं की अगं तुझा माल बोटीनं येतो, पण शेजारीण चार कॅन भरून आली म्हटल्यावर ती तरी काय करणार.

मे २०२१ ची गोष्ट वेगळी होती कारण तेव्हा नळाला काहीच झालं नव्हतं. ७ मेला, शुक्रवारी, डार्कसाइड नावाच्या टोळीनं कलोनियलच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरांवर रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, टाकलं, कंपनीनं खबरदारी म्हणून सगळीच लाइन बंद केली, ७५ बिटकॉइन म्हणजे तेव्हाचे सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी दिली, त्यातले बरेचसे पुढं एफबीआयनं परत मिळवले. १२ मेच्या संध्याकाळी लाइन सुरू झाली. पाच-सहा दिवस. टाक्यांत तेवढा माल होता. तरी नॉर्थ कॅरोलायनात दर दहा पंपांपैकी सातेक पंप कोरडे झाले आणि देशाचा सरासरी भाव २०१४ नंतर पहिल्यांदा गॅलनला तीन डॉलरच्या वर गेला.

कसं झालं ते साध्या हिशोबानं बघा. समजा एका शहरात एक लाख गाड्या आहेत. एरवी लोक टाकी अर्धी-पाऊण रिकामी झाल्यावर भरतात. आता घाबरून प्रत्येकानं फक्त पाच गॅलन जास्तीचे भरले, तर झाले पाच लाख गॅलन. आमचा एक टँकर साधारण साडेआठ हजार गॅलनचा. म्हणजे एका शहरासाठी एका दिवसात जवळपास साठ टँकर जास्तीचे, आणि ड्रायव्हर तेवढेच, टर्मिनलवर भरायच्या जागा तेवढ्याच. पाइपलाइन चालू असती तरी हे जमलं नसतं.

मंगळवारी ११ मेला मी पहाटे पाचला ऑफिसात होते. सेल्मा टर्मिनलवर आमचे टँकर चार-चार तास रांगेत. आमच्याकडून माल घेणारे एक गुजराती काका आहेत, हायवेला लागून त्यांचा एकच पंप, बिनब्रँडचा, म्हणजे कुठल्या मोठ्या तेल कंपनीचं नाव न लावलेला. त्यांनी सकाळी फोन करून विचारलं, बेटा, माझा ट्रक कधी. माझ्या समोर स्क्रीनवर त्यांचं ॲलोकेशन, म्हणजे त्यांच्या वाट्याचा माल, शून्य दिसत होतं आणि मला ते तोंडानं सांगावं लागलं. दुपारी त्यांनी नळांवर पिवळ्या पिशव्या बांधल्या, आतमध्ये कॉफी विकत बसले, आणि समोरच्या ब्रँडेड पंपाला मात्र रात्री ट्रक आला.

हे असं का, ते पंप चालवणाऱ्यांनी नीट समजून घ्या. टर्मिनलवरच्या घाऊक भावाला रॅक म्हणतात, दोन रॅक असतात, ब्रँडेड आणि अनब्रँडेड. साध्या दिवसांत अनब्रँडेड माल काही सेंट स्वस्त मिळतो म्हणून लोक तो घेतात. पण माल तुटला की रिफायनरीवाले आधी आपल्या करारातल्या ब्रँडेड पंपांना देतात, त्यांनाही नेहमीच्या उचलीच्या अमुक टक्केच, आणि अनब्रँडेड रॅकचा भाव एका रात्रीत ब्रँडेडच्या वर उडी मारतो किंवा मालच मिळत नाही. अनब्रँडेडचा रॅक ब्रँडेडच्या वर गेला की समजायचं खरी टंचाई सुरू झाली, हा माझा सगळ्यात भरवशाचा खुणेचा दगड आहे, बातम्यांपेक्षा दोन दिवस आधी कळतं. ज्यांचा एकच अनब्रँडेड पंप आहे त्यांनी चांगल्या दिवसांतच थोड्या मालाचा तरी लेखी करार करून ठेवावा, दोन सेंट जास्त गेले तरी चालतील. आणि लाइन बंद असलेल्या काळात रोजची खरेदीची बिलं जपून ठेवा, कारण राज्यपालांनी आणीबाणी जाहीर केली की भाव अवाच्या सवा वाढवण्याविरुद्धचा कायदा लागू होतो, तुम्ही पन्नास सेंट का वाढवले याला बिल हेच उत्तर.

आता ट्रेडिंग. अमेरिकेतले पेट्रोलचे फ्युचर्स न्यूयॉर्कच्या नायमेक्स या वायदेबाजारात चालतात, आरबॉब म्हणतात, एक कॉन्ट्रॅक्ट ४२,००० गॅलनचं, म्हणजे भाव एक सेंट हलला की ४२० डॉलर इकडचे तिकडं. त्याची डिलिव्हरी न्यूयॉर्क हार्बरला असते, हे नीट लक्षात ठेवा. लाइन बंद पडली की पाइपच्या दोन टोकांना उलट्या गोष्टी होतात. ह्यूस्टनकडं माल अडकतो, टाक्या भरतात, तिथला भाव न्यूयॉर्कच्या मानानं पडतो. न्यूयॉर्ककडं माल येईना म्हणून तिथला चढतो. म्हणून आरबॉब वर जातो. खरे व्यापारी नुसता वरखाली भाव बघत नाहीत, ते या दोन टोकांतला फरक बघतात, बेसिस. तो फरक वाढला की कोणीतरी जहाज भाड्यानं घेतो, युरोपातून माल वळवतो, दोनेक आठवड्यांत तो माल येतो आणि फरक परत मिटतो.

यातली वेळ फार महत्त्वाची. १ नोव्हेंबर २०१६ ला, स्फोटाच्या दुसऱ्या दिवशी, आरबॉब सकाळी सुमारे १५ टक्क्यांपर्यंत उसळला होता आणि त्यातली बरीचशी तेजी त्याच दिवशी उतरली. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकानं सकाळी वरच्या भावाला एक कॉन्ट्रॅक्ट घेतलं, दहा सेंट खाली आल्यावर विकलं, ४,२०० डॉलर गेले, मुलीच्या कॉलेजच्या पहिल्या हप्त्यासाठी ठेवलेले. २०२१ मध्येही तेच, शनिवार-रविवार बाजार बंद, रविवारी संध्याकाळी सहाला उघडल्या उघडल्या चार टक्क्यांच्या आसपास वर, आणि सोमवार संपेपर्यंत जवळपास सगळं विरलं. बातमी तुम्हाला कळेपर्यंत ज्यांच्याकडं टर्मिनलचे फोन नंबर आहेत त्यांनी घेऊन झालेलं असतं. त्यामुळं मी कोणालाही पहिल्या उसळीत घ्या असं सांगत नाही. घ्यायचंच असेल तर सुरू व्हायची तारीख पुढं ढकलली जाते तेव्हा बघा, भाव खरा तेव्हा हलतो, कारण पहिली तारीख सगळ्यांनी भावात धरलेली असते.

साठ्याचा सरकारी आकडा दर बुधवारी सकाळी साडेदहाला येतो, ईआयए या सरकारी ऊर्जा-आकडेवारी संस्थेचा, पण तो आदल्या शुक्रवारपर्यंतचा असतो. अपघात शुक्रवारी झाला तर येत्या बुधवारच्या आकड्यात तो दिसतच नाही. १२ मे २०२१ ला आलेला आकडा ७ मेपर्यंतचा होता, तो बघून काहींनी निष्कर्ष काढला की साठ्याला काही धक्का नाही, आणि त्या दिवशी आमच्याकडं टँकर भरायला माल नव्हता. आकडा बघतानाही देशाचा बघू नका, पूर्व किनाऱ्याचा वेगळा देतात, त्यातही खालच्या अटलांटिक भागाचा वेगळा, तो बघा. आणि टाकीत दिसतो तो सगळा माल काढता येत नाही, तळाचा थर पंपाला ओढता येत नाही म्हणून राहतोच.

सरकार काय करतं तेही भाव मोडण्याच्या बाजूनं काम करतं. टँकर ड्रायव्हरांच्या तासांची मर्यादा शिथिल होते. उन्हाळ्यात कमी वाफ होणारं पेट्रोल विकायचं बंधन असतं ते काही दिवस उठवतात. जोन्स ॲक्ट नावाच्या कायद्यानुसार अमेरिकेतल्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल फक्त अमेरिकी जहाजानं न्यायचा असतो, त्यात सूट देतात, २०२१ मध्ये दिली. जॉर्जियानं तर तेव्हा पेट्रोलवरचा राज्याचा कर काही दिवस थांबवला. अशी सूट जाहीर झाली की भाव सहसा आणखी वर जात नाही.

भारतातून मला सोलापूरचे मित्र विचारतात की एमसीएक्स या वायदेबाजारात क्रूड, म्हणजे कच्चं तेल, घेऊ का, पाइपलाइन फुटलीये म्हणे. अरे बाबांनो, नळ कशाचा आहे ते बघा. कलोनियल तयार पेट्रोलचा नळ आहे. तो बंद पडला की रिफायनरीला माल ठेवायला जागा राहत नाही, ती उत्पादन कमी करते, आणि मग तिला क्रूड कमी लागतं. म्हणजे पेट्रोल चढतं आणि क्रूडवर उलट दबाव येतो. क्रूडचा नळ फुटला तर गोष्ट वेगळी, डिसेंबर २०२२ मध्ये कॅन्ससमध्ये कीस्टोन लाइन फुटली, तेरा-चौदा हजार बॅरल क्रूड सांडलं, तेव्हा बातमीवर क्रूड वर उडालं, पण बाजारात मंदीचा जोर होता आणि त्याच दिवशी खाली बंद झालं.

आणि भारतात पंपावर हा सगळा प्रकार भावात दिसतच नाही. मुंबईहून पुण्याजवळच्या लोणीमार्गे सोलापूरच्या पाकणीपर्यंत नळ आहे, मनमाडजवळ पानेवाडीला मोठे डेपो आहेत, तिथं काही अडलं तरी सरकारी कंपन्यांचा भाव त्यामुळं रातोरात पाच रुपयांनी वाढत नाही. जानेवारी २०२४ मध्ये हिट अँड रनच्या नव्या कायद्याविरुद्ध टँकरवाले थांबले तेव्हा मुंबई, पुणे, नागपूर सगळीकडं रांगाच रांगा लागल्या, भाव तोच राहिला. इथं अमेरिकेत टंचाई पाटीवरच्या आकड्यात दिसते, तिकडं भारतात रांगेच्या लांबीत.

गाडीवाल्यांना माझा सल्ला सोपा आहे. अर्ध्याच्या वर काटा असेल तर जाऊ नका. पाव टाकीच्या खाली असेल तर भरा, पण कॅन नका भरू आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत तर देवाशप्पथ नको, २०२१ मध्ये सरकारी ग्राहक सुरक्षा आयोगाला खरोखर तसं जाहीर करावं लागलं होतं. गॅसबडी ॲपवर कुठं माल आहे ते दिसतं, त्यात कोरडा पंप दिसला तर तुम्हीही नोंदवा, मागून येणाऱ्याची चक्कर वाचते.

संपलं कधी समजायचं? फ्युचर्स सगळ्यात आधी उतरतात, बऱ्याचदा लाइन सुरू व्हायच्या आधीच. मग रॅक उतरतो, अनब्रँडेड परत ब्रँडेडच्या खाली येतो. पंपाची पाटी सगळ्यात शेवटी, चढताना दोन दिवसांत चढते आणि उतरताना तीन-चार आठवडे घेते, कारण पंपवाल्याच्या जमिनीखालच्या टाकीत अजून महागाचा माल असतो आणि आठवडाभर कोरडा राहून झालेला तोटाही त्याला भरून काढायचा असतो. काकांचा ट्रक त्या वेळी शुक्रवारी १४ मेच्या रात्री गेला, पूर्ण साडेआठ हजार नाही, साडेचार हजार गॅलन. त्यांनी गाडीमागं दहा गॅलनची मर्यादा लावली आणि एक नळ समोरच्या हॉस्पिटलात रात्रपाळीला येणाऱ्या नर्सेससाठी वेगळा ठेवला. पुढचा ट्रक त्यांना रविवारी मिळाला.